मुळशीच्या घाटमाथ्यावर : किशोरांच्या उन्हाळी रानवाटा

मुळशी तालुक्यात भरणारी किशोरवयीन मुलांची उन्हाळी साहस-शिबिरे साधारण दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात तळ एकाच जागी राहतो. तलावाकाठी किंवा डोंगराच्या कुशीत तंबू लागतात आणि तिथल्या तिथेच दोरीवरचे अडथळे, झिपलाइन, कृत्रिम भिंतीवरची चढाई आणि रात्रीची शेकोटी होते. दुसऱ्या प्रकारात तळ रोज हलतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्वतःचे अंथरूण-पांघरूण आणि वाट्याला आलेला शिधा घेऊन मुले एका गावातून दुसऱ्या गावात, एका खिंडीतून दुसऱ्या खिंडीत चालत जातात. पहिला प्रकार सोयीचा असल्याने त्याचीच संख्या मोठी आहे. पण बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना सह्याद्री खरोखर दाखवायचा असेल तर दुसऱ्या प्रकाराला पर्याय नाही. प्रस्तुत लेखकाने अशा चालत्या तुकड्यांबरोबर या भागात प्रवास केला आहे. पुढचे वर्णन त्याच वाटेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि शेवटी घाट उतरून कोकणात जाते.

मुळशी हा पुण्याच्या पश्चिमेचा तालुका. त्याचे पूर्वेचे टोक हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत आहे आणि पश्चिमेचे टोक कोकणात कोसळणाऱ्या कड्यांवर. चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुट करत पौडला येतो. पौड हे तालुक्याचे ठाणे. पुढे मुळा नदीवरचे मुळशी धरण, मग धरणाच्या जलाशयाला वळसा घालत ताम्हिणी, आणि घाट उतरला की रायगड जिल्हा. शिवकाळात हा मुलूख पौड खोरे, कोरबारसे अशा मावळांत मोडत असे. जुनी माणसे अजूनही दिशा सांगताना खोऱ्याचे नाव घेतात, तालुक्याचे नाही. घाटमाथ्यावरची वस्ती विरळ आहे. मराठा कुणबी, महादेव कोळी, गवळी धनगर आणि कातकरी यांची छोटी गावे आणि वाड्या डोंगराच्या पदरात बसलेल्या आहेत. शहरातल्या जाहिरातीत याला निर्मनुष्य रान म्हटले जाते, ते खरे नाही. प्रत्येक पाणवठ्याला, खिंडीला आणि सोंडेला नाव आहे आणि ते नाव ठेवणारी माणसे तिथेच राहतात. ज्या तुकडीचा प्रमुख हे ओळखून आहे, ती तुकडी मुलांना काही शिकवून परत आणते.

एप्रिल-मे हे सह्याद्रीत भटकायचे सर्वांत कठीण महिने, आणि मुलांना सुटी नेमकी याच महिन्यांत असते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, खालच्या वर्गांच्या परीक्षा एप्रिलमध्ये, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. पावसाळ्यातल्या ताम्हिणीचे फोटो पाहून आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी धक्का बसतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली. पुण्यासारख्या शहराला जेवढा पाऊस जवळजवळ सगळ्या हंगामात मिळतो, त्याच्या आसपासचा हा आकडा आहे. त्याच डोंगरावर मे महिन्यात हंड्यासाठी पायपीट करावी लागते. बेसॉल्टचा खडक पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र आहेत आणि मातीचा थर पातळ आहे. त्यामुळे पाणी आले तसे वाहून जाते. उन्हाळ्यात आलेल्या मुलाला ही गोष्ट पुस्तकातून शिकवावी लागत नाही. पहिल्याच दुपारी बाटली रिकामी झाली की ती कळते.

उन्हाळ्याची दुसरी बाजूही आहे. मे महिन्यात रान खायला घालते. करवंदाच्या जाळ्या काळ्या होतात, जांभळे पडू लागतात, आळू आणि तोरणे मिळतात. पळस आणि पांगारा फुलून गेलेले असतात, कुसुंबाची लाल पालवी हिरवी झालेली असते. गवत वाळल्याने डोंगराची हाडे उघडी दिसतात. जुनी पायवाट, तटाची चिरेबंदी, कातळातले टाके हे सारे पावसाळ्यात झाकलेले असते, ते आता नजरेला येते. किल्ला वाचायला शिकायचा तर तो उन्हाळ्यातच.

कठीण निसर्गात मुलांना मुद्दाम नेऊन घडवण्याच्या आधुनिक कल्पनेचा उगम युरोपात आहे. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १९२० मध्ये जर्मनीत सालेम येथे आणि हिटलरच्या राजवटीत देश सोडावा लागल्यावर १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन येथे शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी अंगात ताकद असूनही वयस्क खलाशांच्या आधी धीर सोडतात, असे जहाज-व्यवसायातल्या लॉरेन्स होल्ट यांचे निरीक्षण होते. त्यांच्या साह्याने हान यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू केली. समुद्र, डोंगर, बचावकार्य आणि काही वेळ एकट्याने राहणे हा त्या शिक्षणाचा गाभा. हान यांच्याच विचारातून १९६२ मध्ये अटलांटिक कॉलेज आणि पुढे युनायटेड वर्ल्ड कॉलेजांची मालिका उभी राहिली. त्या मालिकेतले भारतातले महाविद्यालय १९९७ मध्ये सुरू झाले, आणि ते नेमके मुळशीत, पौडजवळच्या खुबवली गावाच्या टेकडीवर आहे. क्रिस्टोफर बेनिंजर यांनी रचलेल्या त्या दगडी इमारतींतून जगभरातली सोळा ते एकोणीस वयाची मुले मुळा खोऱ्याकडे पाहत शिकतात.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा मात्र याच्याशी नाते न सांगताही उभी आहे. गो. नी. दांडेकरांनी तरुणांना बरोबर घेऊन किल्ले तुडवले. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने सहली आणि शिबिरांना शिक्षणाचा भाग मानले. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ मध्ये सुरू झाली. तिथले ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ अभ्यासक्रम करून आलेल्या तरुणांनी परत येऊन सह्याद्रीच्या कातळावर पुढच्या पिढीला दोर बांधायला शिकवले. १९८२ मध्ये स्थापन झालेली पुण्याची गिरिप्रेमी ही संस्था याच वातावरणातली. तिच्या नागरी मोहिमेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठले. ताम्हिणीच्या बाजूला वसंत वसंत लिमये यांच्या ‘हाय प्लेसेस’चे गरुडमाची हे केंद्र आहे. तिथे रानातल्या अनुभवातून शिकवण्याचे काम चालते. इतिहास आणि गिर्यारोहण यांची सांगड ही मराठी भटकंतीची ओळख आहे. आउटवर्ड बाउंडच्या मुलाला डोंगर हा शरीराचा आणि मनाचा कस वाटतो. मराठी मुलाला त्याच डोंगरावर आधी शिवाजी महाराज दिसतात. दोन्ही दृष्टी एकत्र आल्या तर उत्तम, पण केवळ घोषणा देत गड चढणे आणि केवळ दोरीवर लोंबकळणे, दोन्ही अपुरे.

चालती तुकडी बहुधा तैलबैलापासून सुरुवात करते. लोणावळ्याहून आंबवणे, सालतर खिंड करत या गावी पोचता येते. गावाच्या डोक्यावर बेसॉल्टच्या दोन उभ्या भिंती शेजारी शेजारी उभ्या आहेत, प्रत्येकी सुमारे अडीचशे फूट. दोन भिंतींच्या मधल्या खाचेत भैरोबाचे ठाणे आणि पाण्याचे टाके आहे. सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहकांची ही आवडती जागा. भिंतींचा माथा गाठणे हे अनुभवी आरोहकांचे काम. नवख्या मुलांसाठी मधल्या खाचेपर्यंतची चढाई आणि पायथ्याच्या लहान कातळावरचा सराव पुरतो. खाचेत उभे राहिले की पश्चिमेला एकदम कोकण उघडते. समोर सुधागडाचा प्रचंड पसारा आणि त्यापलीकडे सरसगड. तैलबैलाच्या पठारावरून सवाष्णीचा घाट आणि वाघजाईचा घाट अशा जुन्या वाटा खाली उतरतात. वाघजाईच्या वाटेला ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत. बंदरातून निघालेला माल याच नाळांमधून बैलांच्या पाठीवरून देशावर येई. घाटवाट ही व्यापाराची नस होती, हे नकाशावर सांगून मुलांना पटत नाही. त्या वाटेच्या तोंडाशी उभे करून सांगितले की पटते.

दोराचे शिक्षण इथेच सुरू होते. ते सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण बहुतेक पालकांना साहस म्हणजे एवढेच ठाऊक असते. रॅपलिंग म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणे. वरच्या अंगाला दोन स्वतंत्र ठिकाणी अँकर घेतात, एक निसटला तर दुसरा भार घेतो. उतरण्यासाठी कमी ताणला जाणारा स्टॅटिक दोर आणि चढण्यासाठी झटका शोषून घेणारा डायनॅमिक दोर, हे दोन वेगळे. खडकाची धार दोराला कापू नये म्हणून धारेवर गोणपाट टाकतात. मुलाच्या कमरेला हार्नेस म्हणजे पट्ट्यांची बैठक, हार्नेसला कॅराबिनर म्हणजे कुलूपबंद कडी, कॅराबिनरमध्ये उतरण्याचा वेग आवरणारा डिसेंडर, आणि याखेरीज दुसऱ्या दोराने बिले, म्हणजे मुलाचा हात सुटला तरी प्रशिक्षक त्याला धरून ठेवणार. एवढी तयारी झाल्यावर मुलाने करायचे एकच असते: कड्याकडे पाठ करून मागे झुकायचे. तेच अवघड. तैलबैलाच्या पायथ्याच्या कातळावर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी धारेवर उभी होती. गुडघे वाकलेले, हात दोरावर घट्ट, टाचा धारेच्या आत. खाली उतरून गेलेली मुले आरडाओरडा करून धीर देत होती. प्रशिक्षकताईने आधी खालच्या मुलांना गप्प केले. मग तिने मुलीचा स्वतःचा हात धरून तिच्याच कॅराबिनरचे कुलूप तपासायला लावले, अँकरला हात लावायला लावला, दोर कुठून कुठे जातो ते तिच्याच तोंडून वदवून घेतले. ‘आता बस,’ एवढेच म्हणाली. मुलगी हार्नेसमध्ये बसली, दोर ताणला गेला, टाचा धारेबाहेर गेल्या आणि तळवे कातळावर सपाट टेकले. शिकवणे म्हणतात ते हे. उत्तेजनाने मूल कड्यावरून खाली जाते खरे, पण आपण कशाच्या भरवशावर उतरलो हे त्याला कळत नाही. साधनाची समज दिली तर भीती राहूनही हात चालतो.

तैलबैलाहून पुढचा टप्पा घनगडाचा. भांबर्डे गावापासून एकोले गाव जवळ आहे आणि एकोले हे गडाच्या पायथ्याचे गाव. वाटेत झाडीत गारजाईचे देऊळ लागते. गड लहान, पण वरच्या टप्प्यावर लोखंडी शिडी, कातळातल्या पायऱ्या आणि टाकी असल्याने मुलांना तो पुरून उरतो. गड चढताना मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात: पाणी कुठे साठवले, पहारा कुठून होता आणि शत्रू कुठून येऊ शकत होता. मावळातल्या किल्ल्यांची रचना या तीन प्रश्नांतून उलगडते. घनगडावरून खालच्या घाटवाटांवर नजर राहते, म्हणूनच तो तिथे आहे.

या टप्प्यावर मुक्काम गावात असतो, देवळात किंवा शाळेच्या पडवीत. शाळेला सुटी असल्याने खोली मिळते, पण ती सरपंचांना किंवा गुरुजींना विचारून घ्यायची असते. जेवण गावातल्या घरी सांगितले की पिठलं, भाकरी, कांदा, ठेचा आणि भात येतो. मुलांनी स्वतः चुलीवर खिचडी शिजवावी असा काही तुकड्यांचा परिपाठ आहे. तो चांगला आहे, पण गावातल्या मावशींच्या हातची भाकरी खाणे आणि त्याचे पैसे चोख मोजणे हाही शिक्षणाचाच भाग. वर्षभर पाण्यावर मोजून जगणाऱ्या घरात शहरातली वीस मुले उतरली की अंघोळीचा प्रश्न लगेच उभा राहतो. शहाणा प्रमुख पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकतो की चालत्या दिवसांत अंघोळ नाही आणि विहिरीवर आधी गावाची कळशी, मग आपली बाटली. पालकांच्या तक्रारी येतात, त्या येऊ द्याव्यात.

भांबर्ड्याहून दक्षिणेला वडुस्त्याच्या वाटेवर कैलासगड आहे. गडाची चढाई उघड्या सोंडेवरून असल्याने ती पहाटेच करावी. माथ्यावरून मुळशीचा जलाशय हाताच्या बोटांसारखा खोऱ्याखोऱ्यांत शिरलेला दिसतो. मे अखेरीस पाणी खाली गेलेले असते आणि काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. या पाण्याचा इतिहास कैलासगडावर बसूनच सांगावा, कारण तो या तालुक्याचा सर्वांत मोठा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा नदी अडवायचे ठरवले. पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनी आणि घरे त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला, माणसे तुरुंगात गेली, पण धरण झाले. धरणग्रस्तांच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक मानला जातो. उन्हाळी शिबिराच्या माहितीपत्रकात मुळशीचा ‘रम्य तलाव’ असतो, पण तो तलाव कोणाच्या भातखाचरांवर उभा आहे हे त्यात येत नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुले हे समजण्याच्या वयात असतात. गडावरून त्यांना पाणी दाखवले, मग गाळाचा पट्टा दाखवला आणि तारीख सांगितली, की ती आपणहून विचारतात की त्या माणसांचे पुढे काय झाले. त्याचे उत्तर टाळू नये. अनेक कुटुंबे वरच्या डोंगरउतारावर सरकली आणि त्यांचे वंशज आज याच वाटेवरच्या वाड्यांत आहेत.

पुढचा मुक्काम पिंप्री. गावाजवळ छोटा तलाव आहे आणि पलीकडे कुंडलिकेच्या खोऱ्याचा खोल उतार. रात्रीचे आकाश हा या मुक्कामाचा मोठा ठेवा. मे महिन्याच्या रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीच्या वळणाने पुढे गेले की तांबूस स्वाती आणि तेच वळण लांबवले की पांढरीशुभ्र चित्रा. आग्नेयेला वृश्चिक वर येत असतो आणि त्यातली ज्येष्ठा लालसर चमकते. दुर्बिणीची गरज नाही, फक्त टॉर्च बंद ठेवायला हवेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाची एखादी सर पडून गेली असेल तर झाडांवर काजवे दिसू लागतात. मग तर फोनचा दिवा लावणाऱ्याला मुलेच आवरतात. काही तुकड्या इथे एकांताचा प्रयोग करतात. प्रत्येक मुलाला एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण दिसणार नाही असे बसवतात आणि तास-दोन तास गप्प राहायला सांगतात. आउटवर्ड बाउंडच्या परंपरेत हा एकांत दिवसभराचा किंवा त्याहून मोठा असतो. आपल्याकडच्या मुलांना तास-दोन तासही बरेच होतात. पहिली काही मिनिटे चुळबुळीत जातात, मग रातकिडे, घुबड, दूरवरचे भेकर असे आवाज वेगवेगळे ऐकू येऊ लागतात.

पिंप्रीहून अंधारबन सुरू होते. पिंप्री ते हिर्डी आणि हिर्डी ते भिरा अशी ही सुमारे तेरा किलोमीटरची वाट घाटमाथ्यावरून कोकणात उतरते. उंचीतला फरक पाचशे मीटरांहून अधिक आहे. पावसाळ्यात इथे शनिवार-रविवारी माणसांची रांग लागते. मे महिन्यात वाट जवळजवळ रिकामी असते. मोकळ्या सोंडेवर ऊन चटके देत असताना या सदाहरित पट्ट्यात शिरले की तापमान उतरल्याचे अंगाला कळते. जांभूळ, हिरडा, अंजनी आणि आंबा यांची छत्री इतकी दाट आहे की दुपारीही खाली संधिप्रकाश असतो. वर शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेते. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि तो उंच, सलग झाडीतच टिकतो, कारण जमिनीवर तो फारसा उतरत नाही. शेकरू पाहायला मिळाले म्हणजे झाडांची माथी एकमेकांना भिडलेली आहेत, असे समजावे. या परिसरातले सुमारे पन्नास चौरस किलोमीटर रान २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यामुळे वनखात्याच्या नियमांनुसार नोंद करून आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच तुकडी न्यावी.

जंगलाच्या मध्ये जिथे झाडे अचानक मोठी होतात, तिथे बहुधा देवराई असते. देवाच्या नावाने राखलेले हे तुकडे कुऱ्हाडीपासून सुटले. पुण्यातल्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे जैविक महत्त्व जगापुढे मांडले. मुलांना देवराईत वीस पावले आत आणि वीस पावले बाहेर अशी दोन ठिकाणची पाने गोळा न करता फक्त मोजायला लावावीत. आत किती प्रकार आणि बाहेर किती, हा फरक त्यांनी स्वतः काढलेला असला की नेमका लक्षात राहतो.

हिर्डीला पाणी आणि जेवण मिळू शकते, पण आधी निरोप द्यावा लागतो. तिथून उतार तीव्र आहे आणि घसाऱ्याची माती पायाखालून सरकते. थकलेल्या मुलांचे घोटे मुरगळतात ते इथेच. चढताना दम लागतो, इजा होते ती उतरताना. म्हणून शेवटच्या उतारावर सर्वांत मंद मूल सर्वांत पुढे ठेवायचे आणि पिछाडीला अनुभवी माणूस. भिरा गाठले की मुळशीचे पाणी पुन्हा भेटते. पूर्वेकडे भीमेला मिळायला निघालेली मुळा इथे बोगद्यातून पश्चिमेला वळवलेली आहे. १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहात ती जवळजवळ पाचशे मीटर खाली कोसळून वीज तयार करते आणि मग कुंडलिकेत जाते. कोलाडचे राफ्टिंग चालते ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणूनच ऐन मे महिन्यात, बाकी बहुतेक नद्या कोरड्या असताना, कुंडलिका सकाळच्या वेळात खळाळत असते. वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानुसार पाणी येते आणि ओसरते. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि प्रत्येक तराफ्यावर मार्गदर्शक असेल तर चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी हा प्रवासाचा चांगला शेवट आहे. तैलबैलापासून चालत आलेल्या मुलाला आपण कोणत्या पाण्यावर तरंगतो आहोत ते माहीत असते.

या वाटेवरचे धोके वेगळे सांगायला हवेत, कारण त्यांचा क्रम लोकांच्या कल्पनेपेक्षा निराळा आहे. पालक बिबट्याला आणि कड्याला घाबरतात. प्रत्यक्षात सर्वांत घातक ते स्थिर पाणी. एप्रिल २०१८ मध्ये मुळशी तालुक्यातल्याच कातरखडकजवळच्या जलाशयात चेन्नईहून उन्हाळी शिबिराला आलेली तीन मुले बुडाली. तलावाचा काठ उथळ दिसतो आणि दोन पावलांवर तळ सुटतो, गाळात पाय रुततो, पोहता येणारा मुलगाही घाबरून दमतो. दोर, जॅकेट आणि जीवरक्षक यांच्याशिवाय मुलांना तलावात उतरू देऊ नये. नुसते पाय बुडवायलाही नाही. या एका नियमाला अपवाद असता कामा नये.

दुसरा धोका उन्हाचा. पाच-साडेपाचला चालायला सुरुवात करून दहाच्या आत सावली गाठायची, चारनंतर पुन्हा निघायचे, हे वेळापत्रक मोडू नये. दर मुलामागे तीन ते चार लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, डोक्याला टोपी. ज्या मुलाचा घाम थांबला आहे आणि जे असंबद्ध बोलते आहे ते ‘नखरे’ करत नसते. त्याला उष्माघात होतो आहे. सावलीत न्यायचे, कपडे सैल करून ओले फडके, वारा आणि लगेच दवाखाना.

तिसरा आग्यामोहोळ. उन्हाळ्यात कड्यांच्या पोटाला ही मोठी पोळी लटकलेली असतात, तैलबैलासारख्या भिंतींवर तर हमखास. धूर, सुगंधी फवारे, मोठा आवाज आणि दगड यांनी माश्या उठतात. उठल्या तर कड्यावर असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. सुगंधी द्रव्ये शिबिराच्या सॅकमधून पहिल्याच दिवशी काढून ठेवावीत. साप चौथ्या क्रमांकावर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप सह्याद्रीत आहेत. अंधारात टॉर्चशिवाय न चालणे, दगडाखाली हात न घालणे आणि बूट झटकून घालणे यांनी बहुतेक प्रसंग टळतात. दंश झालाच तर अवयव हलवू द्यायचा नाही, कापायचे-चोखायचे नाही आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठायचे. ते रुग्णालय कोणते आणि तिथे साठा आहे का, हे तुकडी पुण्याहून निघण्याआधी फोन करून विचारलेले असावे. वणव्याचेही भान हवे. मे महिन्यातले गवत ठिणगीला टपलेले असते, म्हणून उघड्यावरची शेकोटी या हंगामात करूच नये, फोटोसाठीसुद्धा नाही.

नियमांचा इतिहास दुःखातून आलेला आहे. हिमालयातल्या मोहिमेत मुले दगावल्यावर पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्यातून राज्य सरकारला साहसी उपक्रमांसाठी नियमावली करावी लागली. क्रीडा विभागाचा शासन निर्णय २०१८ मध्ये आला. २०२१ मध्ये पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. ‘महा अ‍ॅडव्हेंचर कौन्सिल’ या गिर्यारोहकांच्या व्यासपीठाने सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यात पुढाकार घेतला. पालकांनी मूल पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक विचारावा, प्रशिक्षकांचे प्रशिक्षण कुठले ते विचारावे, किती मुलांमागे एक प्रशिक्षक आहे ते विचारावे, मुलींच्या तुकडीबरोबर प्रशिक्षकताई आहेत का ते विचारावे आणि अपघात झाला तर कोणत्या वाटेने, कोणत्या गाडीने, किती वेळात रुग्णालय गाठणार हे लेखी मागावे. चांगल्या आयोजकाला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याची उत्तरे तयार असतात.

खर्चाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. या शिबिरांना येणारी मुले बहुतांश पुण्या-मुंबईच्या सुस्थितीतल्या घरांतली असतात, आणि ज्यांच्या गावातून वाट जाते ती भांबर्ड्याची, एकोल्याची, हिर्डीची मुले फार तर सॅक उचलायला किंवा वाट दाखवायला असतात. खरे तर दोरावर चढणे, ओझे वाहणे, पाणी शोधणे यात ती शहरातल्या मुलांच्या पुढे आहेत. दर तुकडीत काही जागा गावातल्या मुलांसाठी, फी न घेता, राखून ठेवणे कोणत्याही संस्थेला परवडण्यासारखे आहे. त्यांना पुढे उत्तरकाशीच्या अभ्यासक्रमाला पाठवले तर वाटाड्या म्हणून मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांऐवजी प्रशिक्षकाचे काम त्यांच्या हाती येईल. या भागातली वाट, पाणी आणि हवा त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाही.

हंगाम मेच्या अखेरीस आटोपतो. वळवाच्या सरींबरोबर विजा येतात. दुपारनंतर पश्चिमेला ढग चढू लागले की माथा, एकटे झाड आणि लोखंडी शिडी सोडून खाली उतरायचे असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमी पावसाची चाहूल लागली की जाणत्या संस्था कातळावरचे दोर उतरवतात, प्रत्येक दोराच्या वापराची आणि झिजेची नोंद करतात, झिजलेले दोर मोडीत काढतात आणि घाटवाटा पावसाळ्यापुरत्या मुलांच्या तुकड्यांसाठी बंद ठेवतात.